मोड

दौगावाच्या काठावरचा तुरुंग आता शाळा होणार.
द्झिंत्रा वितोला गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरते,
फीत दातांत धरून, गारठल्या बोटांनी.

नगरसभेत दोन तट.
एक म्हणतो, सगळं पाडा, पोरांवर त्याची सावलीही नको.
दुसरा म्हणतो, विटेलाही हात लावू नका, पुरावा आहे तो.
दोघांचं ऐकून ती म्हणाली, "खरंय,"
आणि दोघेही तिच्यावर चिडले.

भिंत म्हणजे काय, असं तिनं मला विचारलं होतं
नोकरीच्या पहिल्याच दिवशी.
आडोसा, मी म्हणालो.
कुणाचा, कुणापासून?
उत्तराची वाट न बघता ती चहा ओतत राहिली.

आज गवंडी कोठडीची खिडकी खाली उतरवताहेत.
डोक्यावरची ती हातभर फट,
तिच्याखालची भिंत कापत कापत जमिनीपर्यंत.
वरची तुळई तीच. भार तोच.
फक्त आता खालून माणूस जाऊ शकतो.
माझ्या भाषेत मोडणं म्हणजे तुटणं,
आणि मोड म्हणजे भिजल्या मटकीतून
रात्रीतून बाहेर पडलेलं ते पांढरं शेपूट.
हे तिला सांगायला गेलो
तर करवतीचा आवाज फार होता.

मग वोल्देमार्स आला. चौऱ्याऐंशीचा.
याच ओळीतल्या नवव्या कोठडीत चौदा महिने.
म्हणाला, दारं तेवढी आत उघडणारी करा.
ही बाहेर उघडतात ना,
ते आतल्यानं अडवून धरू नये म्हणून.

अग्निशमन खात्याची बाई वहीतून मान वर न काढता म्हणाली,
शाळेची दारंही बाहेरच उघडायला हवीत.
धूर झाला, पोरं धावली,
तर दार त्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून.

कुणीच काही बोललं नाही.
द्झिंत्रानं नकाशावरची एक चाप खोडली,
पुन्हा तशीच काढली.
बिजागऱ्या राहू देत, म्हणाली,
कडी आतल्या बाजूला घ्या.

सुतारानं पहिली कडी नवव्या दाराला ठोकली.
म्हातारा आत गेला,
दार ओढून घेतलं,
कडी सरकल्याचा आवाज आला.

आम्ही बाहेर. वारा नदीवरून.
द्झिंत्रानं हात खिशात घातले.
त्यानं उघडायला बराच वेळ घेतला.