उतारा

सकाळचे सात म्हणजे तार्तूत अजून रात्रच.
मी दिवे लावते, ऑटोक्लेव्ह तापत ठेवते
आणि अगार ओतते. एकशेवीस ताटल्या,
मनगट हलू न देता, बुडबुडा येऊ न देता.
एकतीस वर्षं मी जंतूंना जेवू घालतेय.
मारायचं काम वरच्या मजल्यावरचे करतात.

हीए वरच्या मजल्यावरची.
बुटांवरचा बर्फ विरघळायच्या आत खुर्चीत.
तिनं एकदा बशीत साखर सांडून मला समजावलं:
याच्या पोटात विष असतं, त्याचं स्वतःचंच,
आणि शेजारीच त्या विषावरचा उतारा.
विष टिकाऊ. उतारा दुधासारखा,
रोज ताजा लागतो.
दिवस बरे असले की दोघं गळ्यात गळा घालून,
विषाला बोटही हलवता येत नाही.
उपासमार झाली, औषध आलं,
की उतारा आधी संपतो.
मग विष सुटतं.
मारत नाही. निजवतं.
आणि औषधाला दिसतात फक्त बांधकामं चालू असलेली घरं;
निजलेल्याच्या दारावरून ते पुढे जातं.

मी म्हटलं, म्हणजे मरू नये म्हणून विष खायचं?
थोडंसं, ती म्हणाली, मोजून.
मी बशी विसळली.

काल्योच्या गुडघ्यात लाकूडगिरणीतली ढलपी घुसली
तेव्हा त्यानं तीन वेळा पूर्ण कोर्स घेतला.
एक गोळी चुकवली नाही, तो तसला माणूस नव्हे;
घड्याळाच्या ठोक्याला, आंबट दुधाच्या घोटाबरोबर.
तीनदा ताप उतरला. तीनदा म्हणाला, गेलं.
तिसऱ्यांदा तर मी सॉनासुद्धा पेटवला.
चौथ्यांदा ते आले
ते जागे होता होता काहीतरी शिकून आले होते,
आता गोळीला घाबरून निजायची गरज नव्हती.
पाय मांडीपासून गेला.

पायातले मात्र आहेत.
उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये, तिसरा कप्पा, निळं झाकण,
नावाच्या जागी आकडा.
आकडा मला पाठ आहे. हीएला हे ठाऊक नाही.
घरी काल्यो कुबडी भिंतीला टेकवतो आणि विचारतो,
"जेवले का आज माझे?"
जेवले, मी म्हणते. तुझ्याहून बरे जेवतात.

या मार्चात हीएनं दहाच्या दहा जोड्या कापून काढल्या.
विष नाही, उतारा नाही,
निजायला अंथरूणच नाही असा जंतू.
दोन वर्षं गेली त्यात, आणि एक ठरत आलेलं लग्न.
त्याला औषध दिलं. रात्रभर दिलं.
ताटली रोज मीच उजेडाला धरायची:
कोरी. कोरी. तिसऱ्या दिवशीही कोरी.
चौथ्या दिवशी कडेला मोहरीएवढा ठिपका.
मग आणखी.
हीए खाली आली, मोजले. सात.
जोड्या असतानाही साधारण इतकेच उरायचे.

वाटलं, रडेल. रडली नाही.
वहीत तारीख घातली, सात लिहिलं,
साताखाली दोन रेघा ओढल्या,
आणि माझ्याच स्टुलावर बसून म्हणाली,
ऊर्वे, मग हे निजतात तरी कशानं?

सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात.
पण ही सोंगं नव्हती, खरीच झोप होती,
आणि खऱ्या झोपेबद्दल आम्हा दोघींना
एकतीस अधिक सहा वर्षांत काहीच कळलं नव्हतं.

मी हातमोजे काढले.
तिसरा कप्पा सांगितला. निळं झाकण. आकडा,
न बघता.
तिची पेन्सिल थांबली. कुणाचा, ते तिनं विचारलं नाही.
उद्या दोनशे ताटल्या लागतील, एवढंच म्हणाली.

आता घरी जाऊन काल्योला सांगायचंय,
तुझे आज वरच्या मजल्यावर गेले.