उसने दात

रात्रीच्या बसनं तास्कोला चढून आले,
मांडीवर रिकामी पिशवी, कंबरेच्या पट्ट्यात पेसो.
शनिवारचा बाजार उजाडायच्या आत भरतो इथं,
पण चांदी दिव्याखाली पाहू नये,
ओब्दुलियानं पहिल्याच खेपेला बजावलं होतं.
दिवा सगळ्यांनाच गोरं करतो, म्हणाली.
थांब. ऊन येऊ दे.

म्हणून थांबते चर्चच्या पायरीवर,
मक्याची गरम पेज फुंकत.
पांढऱ्या बीटल टॅक्स्या चढावर धापा टाकतात.
खाण तशी माती म्हणतात;
इथली खाण बंद पडली,
चांदी येते दुसरीकडून, ट्रकनं.
हात तेवढे इथले राहिलेत.

ऊन आलं की शिक्का शोधायचा.
कडीच्या आत, फाशाच्या पाठीशी,
मुंगीएवढे आकडे: नऊशे पंचवीस.
हजारातली बाकी पंचाहत्तर तांब्याची,
कारण नुसती चांदी बोटानंही वाकते.
पण शिक्का म्हणजे शब्द. हातोडी कुणाकडेही असते.
अल्पाकावरही तो तितकाच सुबक उमटतो,
आणि लोहचुंबक लोखंडाला धरतो,
अल्पाकाला बिनबोभाट सोडून देतो.
मग उरतो काटा. मुठीतलं ओझं.
आणि सांदीकोपऱ्यात बसणारा काळा राप.
ज्याला कधीच राप चढत नाही
त्याला दोनदा विचार, बाबा, तू कोण?

निकानोरच्या फळीवर आज मोती.
चाळीस वर्षं साखळ्याच विकल्या त्यानं.
"जावई म्हणाला, मोत्यात पैसा आहे."
सहा सर. दाणा न् दाणा सारखा,
एकाच आईला एकाच दिवशी झाल्यासारखा.
मला तिथंच चुकचुकलं.
शिंपला इतका शिस्तीचा नसतो.

"बघ की," तो म्हणाला, "तू समुद्राकडची.
दातावर घासतात ना?
मी घासून पाहिलं. पण माझे..."
आणि वरची कवळी जिभेनं जरा ढकलून दाखवली,
"...काही बोलतच नाहीत. तुझे दे उसने."

एक दाणा पुढच्या दातावर ओढला.
खरा मोती करकरतो, अगदी बारीक,
धुतलेल्या पालेभाजीत राहून गेलेला कण जसा.
हा घसरला. बशीच्या कडेसारखा.
दुसरा. तिसरा.
भोकापाशी रंगाची पापडी सुटलेली, आत काच.
दोन दाण्यांमध्ये गाठही नाही;
खऱ्यांना कुणी असं एकमेकांवर घासू देत नाही.

तो माझ्या तोंडाकडे पाहत होता,
डॉक्टरच्या तोंडाकडे पाहावं तसा.

मागे दोन गिऱ्हाइकं उभी,
आणि बाजारात दुसऱ्याच्या मालाला नाव ठेवू नये.

"पाणी आहे," मी म्हटलं. "पण वरवरचं."

कळलं त्याला. जावयाचं नाव काढलं नाही.
सर उचलून उन्हात धरला.
"दिसायला छान आहे पण."
आहेच, मी म्हटलं.
मग खोक्याचा पुठ्ठा फाडून
त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: काच.
आणि किमतीतलं एक शून्य
थुंकी लावून, अंगठ्यानं, हळूहळू पुसलं.

चांदी त्याच्याकडूनच घेतली, तीनशे दहा ग्रॅम,
एकेक कडी उलटून, वास घेऊन, तोलून.
वाटलं होतं, आज भाव करू नये.
केला. ग्रॅममागे दोन पेसो तोडलेच.
त्याचाही अंगठा काट्यावर जरा जास्त रेंगाळला,
मी पाहिला, त्यानं उचलला,
आणि दोघांनाही बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये जीभ दातांवरून फिरत राहिली.
काचेला चव नसते.
उद्या सिवातानेहोच्या वाळूत, छत्रीखाली,
उन्हानं भाजलेली कुणीतरी बाई
कानातलं हातात घेऊन विचारेल, खरं आहे ना?
मी हसेन,
आणि ती आधी माझे दात पाहील.