सतरा पावलं

बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.
उद्यमबागेत ते भोकात गेज घालून बघतात,
गेलं तर पास, अडकलं तर बाजूला.
कॉलेज बघायलाही तसेच निघाले,
वरच्या खिशात पेन, पेनाला लागून स्टीलची पट्टी.
बेळगुंदीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर फाईल,
तालुका, जिल्हा, परत जिल्हा.
एका सर्टिफिकेटावर माझं नाव चुकलंय,
वेळ मात्र बरोबर आहे.

हिरेगौडर सर म्हणाले, बर्री, बर्री, बसा.
कपाटात चषक, कपाटाला कुलूप.
ते चषक मोजत होते, मी सालं वाचत होते.
सगळ्यात मोठा माझ्या जन्माच्या आधीचा.
फी माफ, हॉस्टेल माफ, रोज दोन अंडी.
बाबांनी एकच विचारलं,
हिचा गुडघा गेला तर?
सरांनी पंख्याकडे बघितलं.
आधी कन्नडात बोलले, मग मराठीत.
मला दोन्ही कळतं.
दोन्हीत उत्तर नव्हतं.

मग मैदान.
लाल माती, पावडरीच्या फिकट रेघा,
भिंतीवर निळ्या रंगात विक्रमांचा फळा,
पंधराशे मीटर, मुली, चार बावन्न, लगमव्वा म्यागेरी.
मी तो आकडा दोनदा वाचला.
असल्या आकड्याजवळ माणूस जरा सरळ उभं राहतं.
सर, एक फेरी मारू?
मार की.

चप्पल काढून ठेवली बाबांच्या पायाशी.
राकसकोपच्या रस्त्यावर बाबांनीच टेप धरून
माझी चाल मोजून दिली होती,
चारशे मीटरला दोनशे साठ पावलं,
एखादं इकडे तिकडे.
मी पळायला लागले की मोजतेच,
दुसऱ्या पोरी देवाचं नाव घेतात तसं.
पहिलं वळण ठीक.
दुसरं वळण लवकर आलं.
दोनशे त्रेचाळीसला माझी चप्पल पायाखाली.

परत पळाले.
दोनशे त्रेचाळीस.

रेघ मारणारे बसलिंगअज्जा दगडावर तंबाखू मळत बसलेले.
म्हणाले, नवी बिल्डिंग झाली नव्हं,
तिनं कोपरा खाल्ला. रेघ आत घेतली.
तेव्हापासनं पोरी लई जोरात पळूलाल्यात बघ.
आणि हसले, दात नसलेलं हसू, कुणावरच नाही.

बाबा फळ्याकडे बघत राहिले.
कारखान्यात असला माल
लाल खडूची फुली मारून कोपऱ्यात जातो.
म्हणाले, चल.
मी म्हटलं, थांबा.

हॉस्टेलच्या मागे नळावर लगमव्वा बूट धूत होती.
बुटाच्या तळव्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला.
मी विचारलं, अक्का, ट्रॅक कमी आहे, ठाऊक आहे?
तिनं वर बघितलं नाही.
पहिल्या वर्षीच कळलं, म्हणाली,
म्हैसूरला गेलो तेव्हा. घंटी वाजली,
आणि माझे पाय म्हणाले, आता संपलंय की.
संपलं नव्हतं. सातवी आलो.
आता मी चिंचेच्या पलीकडून वळतो. रोज.
सर म्हणतात, रेघेवरनं पळ.
मी ऐकत नाही.
फळ्यावरचं नाव पुसा म्हणून दोन अर्ज दिले.
पेंटर मिळत नाही म्हणतात.

अंडी?
एकच. आणि ते पण थंड.

बसस्टँडवर बाबांनी उसाचा रस घेतला, दोन ग्लास, बर्फ नको.
त्यांच्या मोबाईलवर धारवाडच्या कॉलेजचा नंबर होता,
तिथं सिंथेटिक ट्रॅक आहे म्हणतात, आणि डॉक्टर.
त्यांनी तो मला दाखवला, काही बोलले नाहीत.
मी मनात चिंचेपर्यंतचं अंतर मोजत होते.
सतरा पावलं. कदाचित अठरा,
मुळं वर आलेली आहेत तिथं, जपून वळावं लागेल.

फॉर्म अजून फाईलमध्ये आहे,
चुकलेल्या नावाच्या सर्टिफिकेटामागे.
शनिवारपर्यंत मुदत.
धारवाडला फोन केला तर पहिलं हेच विचारीन,
तुमच्याकडे लगमव्वासारखी कुणी आहे का,
आणि तिला तुम्ही काय सांगता.