अर्धा आटा

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात
त्यांचं नाव सहभागी सात.
वय एकोणसाठ, शिक्षण चौथी, मोबाइल मुलाचा.
बोरीकाठच्या त्या गावात मात्र
सुपडू आप्पा म्हणतात, किंवा नुसतं पाणी.
'पानी उनं रे' म्हणजे आप्पा सायकलवरून येताहेत,
कॅरेजला आडवी बांधलेली वाल्वची चावी,
त्यांच्या छातीएवढी उंच.

मी त्यांच्या हातात टॅबलेट दिला.
पडद्यावर नऊ गल्ल्यांचे नऊ निळे गोळे.
चाचणीपुरती एकाच वाल्वला मोटर बसवलेली.
कार्य पहिलं: कुंभारगल्लीचं पाणी सोडा.
मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा,
असं मी म्हणाले,
पुस्तकात लिहिलं होतं तसंच, पुस्तकातल्याच मराठीत.

आप्पा बोलले नाहीत.
गोळ्यावर अंगठा ठेवून वाट बघत राहिले.
गोळा हिरवा झाला. तरी वाट बघत राहिले.
मी वहीत लिहिलं: प्रतिसाद लक्षात आला नाही.
मग म्हणाले,
'हाई बटन मुकं शे.'

आणि मला उठवून गिरणीमागच्या चेंबरशी नेलं,
जिथे मोटर नव्हती.
फरशी सरकवली, चावी खाली सोडली, धर म्हणाले.
पहिले दोन आटे काहीच नाही.
तिसरा अर्धा झाला तेव्हा
पाइपात कुणीतरी खाकरलं
आणि दांड्यातून वर आलं ते,
मनगटात, कोपरात, दाढेच्या मुळाशी.
'उनं?'
उनं, मी म्हणाले.
अकरा वर्षांनी एक शब्द अहिराणीत,
तोही रेकॉर्डर चालू असताना.

कार्य दुसरं: पाणी बंद करा.
निकष साठ सेकंद.
आप्पांना लागली सहा मिनिटं चाळीस.
बोट पडद्यापासून वीतभर लांब,
मान गल्लीकडे वळलेली.
मी घड्याळ बघते आहे हे त्यांनी बघितलं.
'थांब माय. केवळबाईना हंडा भराना बाकी शे.'
तिचं घर चढावर, सगळ्यात शेवटी.
नऊ गोळ्यांत चढ कुठे दाखवलाच नव्हता.

आणि चुकून सोडलं तर, त्यांनी विचारलं.
मी वाकडा बाण दाखवला. पूर्ववत करा.
आप्पांनी बाण बघितला,
मग गटारीतून कडुनिंबाकडे निघालेलं पाणी बघितलं.
'हाऊ बाण पानीले सांगी का,
मांगे फिर म्हनीसन?'
मी हसले. ते हसले नव्हते.

पुण्याहून सरांचा फोन: सातला काढ, सरासरी बिघडते.
काढलं.
सरासरी अठ्ठेचाळीस सेकंद आली, आलेख सरळ झाला,
शिफारशींत मी लिहिलं: स्पर्शाचा प्रतिसाद वाढवावा.
म्हणून दुसऱ्या फेरीत टॅबलेट थरथरू लागला.
आप्पांनी अंगठा ठेवला, उचलला,
'याले थंडी वाजस का काय?'
तेही मी टिपून घेतलं. कुठे घालावं ते कळेना.

परवा वसतिगृहात, रात्री, कानाला हेडफोन लावून
ती सहा मिनिटं चाळीस पुन्हा ऐकली.
उताऱ्यात मी तिथे शांतता असं लिहिलं आहे.
शांतता नाहीच.
धारेचा आवाज आधी जाड,
मग बारीक, मग आणखी बारीक,
लांब कुठेतरी तांब्याच्या तोंडाशी चढत गेलेला.
मध्ये एक कोंबडी. माझं पेन.
आणि मग वरच्या टोकावरून बाईचा आवाज:
'भरी गया, आप्पा!'

त्यानंतर गोळ्याची टिक.
मी मागे नेऊन पुन्हा मोजलं.
एक सेकंद.