नादुरुस्त

मंगळवारी मी बोटीवर जरा लवकर येतो.
खालच्या डेकवर गाड्यांना जागा दाखवण्याआधी
जिना चढून पुरुषांच्या टॉयलेटमध्ये जातो
आणि हात वाळवायच्या यंत्रावर कागद चिकटवतो:
नादुरुस्त.

यंत्र धडधाकट आहे.
त्याला बटणसुद्धा नाही,
हात खाली गेला की भुंकतं.

मागच्या मार्चमध्ये ते माझ्या मुलावर भुंकलं.
हात दुसऱ्याच कोणाचे होते.
उकू नुसता बेसिनपाशी उभा होता, फेस बघत,
आणि मग तो फरशीवर होता,
गुडघे पोटाशी, कोपरं कानांवर,
तोंडून जे येत होतं त्याला रडणं म्हणत नाहीत.
मुहू बेटापासून पलीकडचा धक्का सत्तावीस मिनिटं.
त्यातली एकोणीस बाकी होती.
दारातून एक बाई म्हणाली, वळण लावायला हवं.
मी म्हणालो, हो.
का म्हणालो, कोण जाणे.

आमच्याकडे लोकरीवाचून माणसाचं भागत नाही.
हेल्मी आत्याने त्याला हातमोजे विणले,
लाल, मनगटावर आठ टोकांच्या चांदण्या.
त्याच्या लेखी ती लोकर नव्हे, कुसळं.
आत्याला वाईट वाटेल म्हणून मारेने ते कपाटात दडवले.
उकूने हुडकून काढले
आणि एक मागच्या दाराच्या मुठीवर चढवला.
पितळ गार लागतं त्याला.
आता नोव्हेंबर ते एप्रिल
आमचं दार हातमोजा घालून असतं,
आणि आत्या येते ती
त्याच्याशी हस्तांदोलन करून आत येते.

पर्नूच्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म दिला. एकेचाळीस प्रश्न.
हाक मारल्यावर वळून बघतो का?
कधीच नाही. कधीकधी. बहुतेक वेळा.
स्वयंपाकघरात पाठमोरा बसून
बटाट्याला दह्याचा स्पर्श होऊ न देता जेवताना
तो मध्येच म्हणतो, "दुसरी."
म्हणजे आज दुसरी बोट लागली आहे.
धक्का घरापासून तीन किलोमीटर.
मी अकरा वर्षं या बोटींवर काढली,
मला नाही कळत.
"कधीकधी"वर मी खूण केली
आणि शाई वाळेपर्यंत तिच्याकडे बघत बसलो.

असू शकेल, म्हणतात बाई. नसूही शकेल.
अजून लहान आहे. मे महिन्यात पुन्हा या.
परतताना मारे काही बोलत नाही.
मांडीवर त्याचा पाय घेऊन
घसरलेला सॉक्स नीट करते,
उलटाच, शिवण बाहेर ठेवून.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दोर गोठले होते.
सगळे मिळून बर्फ ठोकत होतो
आणि कागद राहून गेला.
आठवलं तेव्हा बोट निघालेली,
वर मारे आणि तो.
दोन-दोन पायऱ्या गाळत धावलो.

यंत्रावर कागद होता.
माझा नव्हता. ड्युटीच्या जुन्या तक्त्याची पाठकोरी बाजू,
काळ्या ग्रीसच्या बोटाचा ठसा,
नादुरुस्त, त्यात एक अक्षर कमी.
खालून वायरही काढून ठेवलेली.
राइवोच असणार, इंजिनवरचा,
जो चार वर्षांत माझ्याशी
हवामानापलीकडे काही बोललेला नाही.
दुपारी जिन्यात भेटला.
वारा उत्तरेचा आहे, म्हणाला.
मी म्हणालो, हो.

पण ते दुपारी.
त्याआधी, मी धापा टाकत दारात उभा असताना,
उकूने कागद बघितला, यंत्र बघितलं,
बराच वेळ हात धुतले,
इतका वेळ की मागे दोघे जण थांबले
आणि थांबूनच राहिले.
मग तो वळला
आणि माझ्या नारिंगी जाकिटावर हात पुसले,
आधी तळवे, मग पालथे,
मग एकेक बेचकी, सावकाश,
टॉवेलला कुणी विचारत नाही तसे.

खाली माझ्या नावाने कोणीतरी ओरडत होतं.
मी हललो नाही.