तिसरं घुंगरू

कोठावदे बाईंनी फळी मागितली तेव्हा
मला ऐकू आलं फळा.
नाही मिस्तरी, फळी. तेरा फूट लांब,
मधोमध पन्हळ, आतून बोट फिरवलं
तर कुठं अडू नये.

तेरा फुटी अखंड साग
चाळीसगावात कोण देतो हल्ली?
रेल्वेच्या भंगारातून आणलेली एक तुळई होती,
बापानं राखलेली. कशासाठी ते न सांगताच गेला.
चार दिवस रंधा, मग काचपेपर, मग मेण,
शेवटी नुसती बोटाची पाठ.

शाळेच्या व्हरांड्यात वरच्या टोकाखाली तीन विटा.
हमीदच्या गॅरेजातली बेअरिंगची मोठी गोळी,
आणि तेवढीच दुसरी, मी बाभळीची घडवलेली.
कोणती लवकर पोचेल, मिस्तरी?
मी म्हणालो, लोखंडाची. यात विचारायचं काय?
बापही हेच म्हणाला असता.
बाई म्हणाल्या, ग्रीसमधले एक फार मोठे गुरुजीही
जवळपास हेच म्हणाले होते,
आणि ते म्हणाले एवढं
बहुतेकांना दोन हजार वर्षं पुरलं.

घड्याळ नाही लावलं बाईंनी.
बादलीला भोक. गोळी सुटली की धार सोडायची,
गोळी पोचली की बोट दाबायचं,
पेल्यातलं पाणी सोनाराच्या काट्यावर.
लहानपणी लग्नात जोशांची तांब्याची वाटी
घंगाळात हळूहळू बुडताना पाहिली होती,
पण वेळ तोलता येतो, गुंजांत,
हे मला नवं.

लोखंडाचं पाणी तोललं.
बाभळीचं तोललं.
काटा मधोमध उभा.
दगा नावाचं पोरगं हसलं. मला नाही हसू आलं.
पन्नास वर्षं हातात लाकूड-लोखंड धरणारा मी,
एकदाही दोन्ही सोडून पाहिली नव्हती.

मग घुंगरं. पोळ्याच्या घाटीतली चार,
दोऱ्यानं पन्हळीवर टांगली, सारख्या अंतरावर.
गोळी गेली: छन्‌... छन्‌.. छन्‌.छन्‌
पळत सुटलेल्या बैलासारखी.
बाई म्हणाल्या, सरकवा,
चारही एका लयीत वाजेपर्यंत.

त्यासाठी भजनातले उखातात्या आणले.
ते भिंतीला टेकून, डोळे मिटून,
मांडीवर बोटं.
दुपार गेली. चहा दोनदा झाला.
तिसरं घुंगरू लंगडस, भाऊ.
मी सरकवलं. परत लंगडस.
परत सरकवलं.
उन्हं व्हरांडा ओलांडून विहिरीपाशी गेली तेव्हा
तात्यांची बोटं थांबली नाहीत, चालतच राहिली.
आता येस.

दगानं वितीनं मोजलं.
पहिल्यापर्यंत एक.
तिथून दुसऱ्यापर्यंत तीन.
मग पाच.
मग सात.
कुणी काही बोललं नाही.
उखातात्यांना विषमाचं काही ठाऊक नव्हतं,
त्यांनी फक्त ताल धरला होता.

बाई सांगत होत्या:
इथून जवळच पाटण्याच्या देवळात शिळा आहे,
ग्रहांचं गणित शिकवायला मठ काढल्याची.
मग अरबांचे तक्ते, मग इटलीतला तो फळीवाला.
मी ऐकत होतो आणि मनात एकच,
त्याची फळी कुणी रंधली?
पन्हळीत कातडं कुणी चिकटवलं?
कुणीतरी माझ्यासारखा असणार,
मजुरी घेऊन, धूळ झटकून गेलेला.

पाच वितींत अर्धं बोट कमी पडत होतं.
मी गुपचूप दोरा सरकवणार इतक्यात
बाईंनी हात धरला.
आमच्या धंद्यात चूक भुश्यानं बुजवतात,
वर लाख फिरवतात, गिऱ्हाईक खूश.
बाईंनी ती वहीत लिहिली.
तारीख घातली. खाली दोन रेघा.

रात्री जेवता जेवता आठवलं,
तिथं, पाचाच्या अलीकडे, तुळईत एक जुनी गाठ आहे.
रंध्याखाली तेव्हाही कुरकुरली होती.
उद्या जाऊन बाईंना सांगायला हवं.
गाठ काढायची नाही.
सांगायचं फक्त.