न ठोकलेले खिळे

लकडगंजातली आमची आरामशीन बंद होऊन सहावं वर्ष,
भुसा मात्र अजून तळपायांना चिकटतो.
त्या शेडमध्ये बानबाईंनी घर मांडायला घेतलं,
त्यांच्या कोरियातलं, जुन्या घडणीचं:
कडांना वर वळलेलं छप्पर, कागदाची दारं,
आणि अट एकच. खिळा नाही.

मी म्हटलं, बाई, सागवान आलापल्लीचं आहे,
ते ऐकून घेईल. माझे हात नाही ऐकणार.
दुभाष्या पोरानं काय सांगितलं कोण जाणे,
बाईंनी माझा डावा अंगठा धरून
उलटसुलट पाहिला,
बाजारात वांगं पाहतात तसा.

त्याचं नख तीनदा गेलेलं.
आठव्या वर्षापासून संत्र्याच्या पेट्या ठोकायचो,
बाबा फळ्या धरायचे, खिळे माझ्या ओठांत,
पेटीमागे दहा पैसे, मृग बहाराला बारा.
अजूनही संत्रं सोललं
की आधी जिभेवर लोखंड येतं.

खाच आणि कुसू. खाच आणि कुसू.
नवतपा लागला तेव्हा आम्ही वासे चढवत होतो.
त्यांच्याकडे म्हणे जमिनीखालून धूर खेळवून घर ऊबदार करतात.
पांडू हेडाऊ म्हणाला, "आपल्याइथं फुकटच तापते ना बावा,
चप्पल काढून पाह्य म्हणा."
बाईंनी खरंच काढली.
दोन पावलं नाचल्या,
मग माठाला पाठ टेकून कितीतरी वेळ हसत राहिल्या.

रोज संध्याकाळी एकच विचारायच्या:
तुमच्या पद्धतीनं केलं असतं, तर आज इथे किती खिळे लागले असते?
मी खरं सांगायचो. या सांध्याला चार. चौकटीला अकरा.
त्या वहीत लिहायच्या.
शेवटी तेवढेच विकत आणले, तीनशे शहाऐंशी,
आणि टिमकीच्या मागावरच्या पांढऱ्या सुतानं
एकेक करून छपराखाली सोडले.
रिकामी खोली, आणि हवेत आम्ही न ठोकलेले खिळे.
कूलर लावला की एकमेकांना लागायचे, हळूच.

लोक आले. कुणी डोळे मिटून उभं राहिलं,
कुणी विचारलं, याचं करायचं काय.
आमची सिंधू बराच वेळ वर बघत होती. मग म्हणाली,
"एवढे खिळे, अन् घरात कॅलेंडर टांगायला एक नाही."

पावसाआधी घर सोडवलं.
जुळलं तसंच सुटलं, ढलपीसुद्धा उडाली नाही.
पण जहाजाला पेट्या लागतात
आणि पेट्यांना खिळे.
रविवार, हार्डवेअरची दुकानं बंद, दारात ट्रक.
मी वर पाहिलं. बाईंनी वर पाहिलं.
कात्री त्यांनीच आणली.

छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा ओठांत खिळे धरले,
पांडूनं फळ्या धरल्या.
अंगठा वाचला या खेपेला.
एक खिळा उरला. कॅलेंडर आता त्यावर आहे, जरा वाकडं.

वाशांवर मी आपले आकडे टाकले होते,
शेजारी बाईंनी त्यांचे.
तिकडे कुणी दुपारचं उताणं पडून वर पाहिलं
तर दिसेल सुतारी पेन्सिलीतलं २७,
सात थोडा घसरलेला.
तेव्हा मी घाम पुसत होतो.